ओळ चौथी, खुर्ची पहिली

"जागा निवडत बसू नकोस, माइकेन. यंत्र देईल ती घे, पैसे भर आणि बाहेर पड. निवडायला गेलीस की फसलीस."

हे मला एल्सेबेथने कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून सांगितलं होतं. एल्सेबेथ आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहते, इमारतीच्या मंडळाची अध्यक्ष आहे, आणि निवृत्त होण्याआधी एकतीस वर्षं तिने नगरपालिकेच्या खिडकीत बसून 'पुढचा नंबर' म्हणण्यात घालवली आहेत. म्हणजे रांग या विषयावर साऱ्या ओडेन्स शहरात कुणाचा शब्द शेवटचा मानायचा, तर तिचा. पण मी त्या वेळी एका हाताने बाबागाडी हलवत होते, दुसऱ्या हाताने डायपरची पिशवी डब्यात कोंबत होते, आणि मनात म्हणत होते, जी बाई अजून फोनचा एकेक आकडा तर्जनीने टोचून दाबते ती मला इंटरनेटवरून तिकिटं काढायला शिकवणार! मी "बघू गं" म्हटलं. समोरच्याला मनातल्या मनात निकालात काढल्यावर माणूस तोंडाने 'बघू' म्हणतो, हे एकतीस वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला कळत नसेल असं मला का वाटलं, देव जाणे.

आता कुणी म्हणेल, गाण्याच्या कार्यक्रमाची दोन तिकिटं काढायची, त्यात एवढं काय? माझा नवरा ट्रोल्स अगदी हेच म्हणाला, आणि शिरस्त्राण घालून सायकलवरून ऑफिसला निघून गेला. ज्यांना त्या दिवशी घरी थांबायचं नसतं त्यांना प्रत्येक काम सोपंच दिसतं.

कार्यक्रम पाले स्कोवलुंडचा होता. पाले पंचाहत्तर वर्षांचा आहे आणि हा त्याचा निरोपाचा दौरा. याआधी त्याने दोनदा निरोप घेतलेला आहे, पण या खेपेला म्हणे डॉक्टरच ऐकायला तयार नाहीत. माझ्या आईबाबांनी पालेचे तेवीस कार्यक्रम पाहिले. तिकिटं बाबा काढायचे, गाडी बाबा चालवायचे, आईचा कोट बाबा सांभाळायचे. चौदा महिन्यांपूर्वी बाबा गेले, आणि आई दुपारी चारनंतर घराबाहेर पडेनाशी झाली. वाचनालय, दुकान, बाबांची कबर आणि परत घर. "मी छान आहे," असं ती फोनवर इतकं स्पष्ट म्हणायची की फोन ठेवल्यावर मला झोप येत नसे.

आणि जानेवारीत एकदा तिच्या फ्रिजवर ती जाहिरात दिसली. कात्रीने अगदी सरळ कापलेली, चुंबकाखाली लावलेली. मीच विचारलं, "जायचं का, आई?"

तिने ओट्यावरचे पावाचे कण पुसले. ओट्यावर कण नव्हते.

"तू शेजारी बसशील तर," ती म्हणाली.

चौदा महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. तेव्हा मी ठरवलं की आकाश कोसळलं तरी आईला मी पालेसमोर बसवणार, आणि तिच्या शेजारी मी बसणार.

आता आईला बसवायचं म्हणजे काय, ते ऐका. तिचा डावा कान लहानपणी गालगुंडात गेला. म्हणजे स्टेज उजव्या हाताला हवं. डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, तो पाय तासाभराने लांब करावा लागतो. म्हणजे डावीकडे मोकळी वाट, म्हणजे ओळीतली पहिलीच खुर्ची. उंचावर तिला गरगरतं, म्हणजे पाचव्या ओळीच्या वर जायचं नाही. आणि अगदी पुढे बसलं तर सुरक्षारक्षकांच्या पाठी दिसतात, असं बाबांचं मत होतं आणि आईच्या लेखी ते अजून लागू आहे. एवढं सगळं जमणारी जागा शोधायची, तर ती 'यंत्र देईल ती'? यंत्राला आईचा कान ठाऊक आहे?

म्हणून मी विक्रीच्या आधीच अरीनात, म्हणजे कार्यक्रम होणार त्या बंदिस्त क्रीडागृहात, जाऊन जागा बघायचं ठरवलं. असगरला, म्हणजे माझ्या आठ महिन्यांच्या मुलाला, बाबागाडीत घातलं आणि दोन बस बदलून तिथे पोचले. दारावरचा माणूस सभ्य होता.

"खुर्ची बघायला आत सोडत नाहीत," तो म्हणाला. "तिकीट लागतं."

"कशाचं?"

"जे असेल त्याचं. रविवारी हँडबॉल आहे."

दुसरी कुणी असती तर परत गेली असती आणि तिथेच विषय संपला असता. मी रविवारी हँडबॉलचं तिकीट काढलं. सोळा वर्षांखालच्या मुलींचा सामना होता. मी सी विभागात चौथ्या ओळीत पहिल्या खुर्चीवर बसले, डाव्या कानात कापूस घातला, डावा पाय वाटेत लांब केला, असगरला पोटावर बांधलेलंच होतं, आणि डोळे मिटून ऐकू लागले. शेजारी एका खेळाडूची आई बसली होती.

"तुझी कुठली गं?" तिने मैदानाकडे बोट दाखवून विचारलं.

"माझी कुठलीच नाही. मी खुर्ची बघायला आलेय."

ती उठून तीन खुर्च्या पलीकडे जाऊन बसली. बसू दे. मला आवाज नीट येत होता.

राहिला प्रश्न स्टेजचा. हँडबॉलला स्टेज नसतं. पण मैदानाच्या उत्तर टोकाला एक भलं मोठं शटर होतं. सामानाचे ट्रक आत येणार ते तिथूनच, म्हणजे स्टेज तिथेच उभारणार, असा मी तर्क केला. मी भूगोल घेऊन पदवी मिळवलेली बाई आहे. उत्तर कुठे आहे ते मला कळतं. सी विभाग पूर्वेला. पूर्वेकडे बसून मैदानाकडे तोंड केलं की उत्तर उजव्या हाताला येते. आईचा चांगला कान उजवा. मला इतका आनंद झाला की शेवटच्या मिनिटाला कुणीतरी गोल केला तेव्हा मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. तो गोल शेजारच्या बाईच्या मुलीच्या विरुद्ध झाला होता, हे मला मागाहून कळलं.

घरी आल्यावर मी जेवणाच्या टेबलावर असगरच्या लाकडी ठोकळ्यांचं अरीना मांडलं. लाल ठोकळा आई, पिवळा ठोकळा मी. स्टेज म्हणून निळा ठोकळा ठेवला, तो असगरने दोनदा चघळला. सी, चौथी ओळ, खुर्ची एक आणि दोन. मी ते इतक्यांदा घोकलं की ट्रोल्सने मीठ मागितलं तरी मी "चौथ्या ओळीत आहे" म्हणायचे.

विक्री शुक्रवारी सकाळी दहाला सुरू होणार होती. गुरुवारी संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की शुक्रवारी सकाळी दहाला आयांचा गट आमच्याकडे आहे.

आयांचा गट रद्द करता येत नाही. बाळंतपणानंतर घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी आम्हा तिघींना 'तुम्ही एकाच आठवड्यात बाळंत झालात' एवढ्या भांडवलावर एकत्र बांधून दिलं आहे, आणि तेव्हापासून दर शुक्रवारी एकीच्या घरी गरम बन आणि कॉफी असते. बाळ तापलेलं असेल तरच सुटका. शिवाय सिझेल बालवाडीत शिकवते, तिला मी खोटं सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी येतं. कामा वकील आहे, तिला खोटं सांगितलं तर तिला कळतंच. मी बन मळले.

दोघीही पावणेदहाला हजर. बाबागाड्या खाली अंगणात एका ओळीत लावल्या, आमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे मुलांना लोकरीत गुंडाळून बाहेर थंडीतच झोपवलं, आणि प्रत्येकीने आपापल्या गाडीला आवाज ऐकवणारं यंत्र लावून त्याचा जोड डबा वर आणला. नर्सबाईंनी तिघींना एकाच प्रकारचं यंत्र सुचवलेलं. माझ्या टेबलावर तीन एकसारखे पांढरे डबे एकसारखे लुकलुकत होते. मी संगणक खिडकीपाशी ठेवला. एक डोळा गाडीवर, एक पडद्यावर, आणि नाक ओव्हनकडे.

मी अडचण सांगितली तशी दोघींनी बाह्या सरसावल्या. "तिघींनी रांगेत उभं राहू," कामा म्हणाली. "जिचा नंबर आधी, ती घेईल."

दहाचा ठोका पडला. माझ्या पडद्यावर आकडा आला. अठरा हजार चारशे बारा. अरीनात माणसं बसतात पाच हजार.

"माझा नऊ हजार सत्तर," कामा म्हणाली.

सिझेलने बनला लोणी लावलं, खाल्लं, कॉफी ओतून घेतली. दहा मिनिटांनी मी विचारलं, "सिझेल, तुझा किती?"

"सहाशे अकरा होता."

"होता म्हणजे?"

"आला ना मगाशीच." ती लाजली. "पण मग मला वाटलं, तू अठरा हजारांत आणि मी तुझ्या आधी आत जायचं, हे बरं दिसत नाही. मला तर पाले आवडतही नाही. माझ्या मागे खरोखर आवडणारी माणसं उभी असतील. म्हणून मी बंद केलं."

"अगं, पण तू माझ्यासाठीच उभी होतीस!"

"हो, पण त्या मागच्यांना ते कुठे ठाऊक होतं?"

आम्हाला लहानपणापासून हेच शिकवतात. बेकरीत नंबराचा कागद दोन वेळा निघाला तर आम्ही जास्तीचा कागद हातात धरून माफी मागत उभे राहतो. मी तिच्या जागी असते तर... नाही, मी तिच्या जागी असते तर जागा घेतली असती. पण मग आठवडाभर झोपले नसते.

सगळी भिस्त कामावर. पावणेअकराला तिचा नंबर आला. मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. पडद्यावर 'अटी मान्य आहेत' असं बटण होतं. कामाने ते दाबलं नाही. तिने अटी उघडल्या.

"दाब ना!"

"न वाचता?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. "माइकेन, माझी सनद जाईल."

एकूण बेचाळीस पानं होती. ती नवव्या पानावर असताना पडद्याने तिला बाहेर काढलं. "कलम सात बेकायदेशीर आहे," ती बाहेर पडता पडता म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं.

राहिले मी एकटी. बन संपले. दुसरा घाणा करपला. आईचा फोन आला, मी उचलला नाही, आणि फोन न उचलल्याचं मला इतकं लागलं की दुसरा वाजेल म्हणून मी त्याच्याकडेच बघत होते. तिने दुसरा केला नाही. अकरा वाजून चार मिनिटांनी पडद्यावर माझा दरवाजा उघडला.

जागा निवडायला दहा मिनिटं. कोपऱ्यात सेकंद उलटे पळत होते. नकाशा हळूहळू उमटत होता, आधी विभाग, मग ठिपके. निळे ठिपके रिकामे. पुढच्या अठरा हजारांतले बहुतेक सिझेलसारखे लाजून नाहीतर कामासारखे अटी वाचत बाहेर पडले असावेत. सी, चौथी ओळ, एक आणि दोन, दोन्ही निळे! माझी बोटं आपोआप चालली. एक. दोन. 'निवडलेली तिकिटे: २.' मी ओरडलेच.

"अगं," कामा माझ्या खांद्यावरून म्हणाली, "स्टेज खाली आलंय."

"कसलं खाली?"

"नकाशात. बघ, काळा चौकोन. खालच्या टोकाला."

मी बघितलं. नकाशा पूर्ण उमटला होता आणि स्टेज दक्षिणेला होतं. शटर उत्तरेला, स्टेज दक्षिणेला. मला क्षणभर वाटलं की नकाशाच उलटा छापलाय. पण त्यांनी शेजारी एक बाण काढून उत्तरही दाखवली होती, माझ्यासारख्या पदवीधरांसाठी. दक्षिणेला स्टेज म्हणजे सी विभागातून ते डाव्या हाताला. म्हणजे आईच्या बंद कानात पाले स्कोवलुंड दोन तास निरोप घेणार आणि तिला फक्त समोरच्या लोकांचं खोकणं ऐकू येणार.

"पलीकडे जा!" सिझेल ठोकळे घेऊन धावली. तिने लाल-पिवळा उचलून समोरच्या बाजूला ठेवले. "इथे बसलं तर उजवीकडे येतं ना?"

येत होतं. समोरचा विभाग जी. चौथी ओळ. एक आणि दोन, दोन्ही निळे. साडेचार मिनिटं उरली होती. मी सीची पहिली खुर्ची काढून टाकली. चक्र फिरलं, फिरलं, गेली. जीची पहिली खुर्ची दाबली. आली. आता सीची दुसरी काढायची, जीची दुसरी घ्यायची, झालं...

आणि टेबलावरच्या एका डब्यातून कुणीतरी ठसकलं.

तीन पांढरे डबे. कुठला लुकलुकला? तिघींनाही वाटलं आपलाच. आणि अशा वेळी आई नावाचं यंत्र नकाशा बघत नाही. आम्ही तिघी मोज्यांवरच जिन्यावरून खाली पळालो, दोन मजले, अंगणात बर्फ. असगर झोपलेला. सिझेलची मुलगी झोपलेली. कामाच्या मुलाच्या गाडीत वाकून एल्सेबेथ उभी होती.

"मी नुसतं पांघरूण सारखं करत होते," ती म्हणाली, आणि परत खोकली. "थंडी आहे बाई. काय गं माइकेन, मिळाली का तिकिटं? निवडत तर नाही ना बसलीस?"

मी उलट वर पळाले. पडद्यावर अठ्ठेचाळीस सेकंद उरले होते आणि ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'निवडलेली तिकिटे: २.' दोन. मला दोनच हवी होती. मी पैसे भरले. 'अभिनंदन!' पडदा म्हणाला. सिझेल रडली, मी रडले, आम्ही करपलेल्या घाण्यातले दोन बन खरवडून खाल्ले. मी आईला फोन लावला. "मिळाली!" म्हटलं. पलीकडून ती म्हणाली, "मग मला कोट धुवायला टाकायला हवा."

तेवढ्यात कामाने, जी प्रत्येक गोष्ट वाचते, तिकिटं वाचली.

"माइकेन," ती म्हणाली, "सी आणि जी शेजारी-शेजारी असतात का?"

जी, ओळ चौथी, खुर्ची एक. आणि सी, ओळ चौथी, खुर्ची दोन. मधे पूर्ण हँडबॉलचं मैदान.

पुढचा आठवडा मी कशी वागले त्याबद्दल मला लाज वाटत नाही. तिकिटांच्या साइटवर मदतीची खिडकी होती. त्यात पाऊण तास एक यंत्र मला 'आपण कार्यक्रम रद्द करू इच्छिता का?' असं विचारत होतं. मग एक माणूस आला.

"आपल्याकडे दोन तिकिटं दिसतात. अडचण काय आहे?" त्याने लिहिलं.

"ती शेजारी नाहीत."

"आपण जागा स्वतः निवडल्या होत्या का?"

मी दोनदा लिहून खोडलं. मग लिहिलं, "हो."

"यंत्राने दिलेल्या जागा नेहमी शेजारी-शेजारीच असतात," त्याने लिहिलं, आणि पुढे एक हसरा चेहरा टाकला. तो हसरा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तिकीट बदलून मिळत नाही. परत विकायचं तर दोन्ही एकत्रच विकावी लागतात, कारण ती 'जोडी' आहे. मी त्याला विचारलं, ही कुठल्या अर्थाने जोडी आहे? त्याने खिडकी बंद केली.

मग मी पालेच्या चाहत्यांच्या गटात जाहीर विनंती लिहिली. ज्यांच्याकडे जी-चार-दोन किंवा सी-चार-एक असेल त्यांनी कृपया संपर्क साधावा, मामला आईचा आहे. एकशे साठ लोकांनी रडके चेहरे पाठवले. सी-चार-एकच्या मालकिणीने उत्तर दिलं. 'ती जागा माझी! अकरा वाजून नऊ मिनिटांनी अचानक रिकामी दिसली. कुणा देवमाणसाने सोडली असेल, त्याचं भलं होवो. बदलता येणार नाही हं, माझाही गुडघा वाईट आहे.' देवमाणसाने तिला शुभेच्छा दिल्या. जी-चार-दोनवाल्याने उत्तर दिलं नाही. तो चाहत्यांच्या गटात नाही, किंवा तो इंटरनेट वापरत नाही, किंवा तो माझी विनंती वाचून शांतपणे बन खात बसला आहे.

ट्रोल्स म्हणाला, "मग मध्यंतरात भेटा की."

एल्सेबेथ 'सांगितलं होतं ना' असं म्हणाली नाही. ती नुसतं "हं" म्हणाली. एकतीस वर्षांच्या नोकरीतून मुरलेला "हं" होता तो. मग तिने सुचवलं की त्या दिवशी तिथल्या माणसाला गोड बोलून विनंती करावी. "समोरासमोर कुणी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. आणि लगेच, "मी म्हणायचे."

आईला मी काही सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचे, रोज फोनवर ती कोटाबद्दल बोलायची. कोट धुऊन आला. कोटाचं एक बटण सैल होतं, ते लावलं. तिने केस कापायची वेळ घेतली, कार्यक्रमाच्या सात महिने आधी. ज्या बाईची अट एवढीच होती की शेजारी बस, तिला कुठल्या तोंडाने सांगू की तू शेजारी बस, पण एका अनोळखी माणसाच्या?

रविवारी ती आमच्याकडे जेवायला आली. राय धान्याचा काळा पाव, मासे, आणि असगरसाठी तिने विणलेली टोपी. मी स्वयंपाकघरातून काकडी घेऊन बाहेर आले तर ती टेबलापाशी उभी होती. ठोकळ्यांचं अरीना तसंच मांडलेलं होतं. आठवडाभर मी त्यातून मार्ग शोधत होते ना.

"ही मी का?" तिने लाल ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"हो."

"आणि पिवळी?"

"मी."

तिने एका ठोकळ्यापासून दुसऱ्यापर्यंत बोट फिरवलं, मैदान ओलांडून. मी सगळं सांगून टाकलं. शटर, उत्तर, खोकला, अठ्ठेचाळीस सेकंद. "मी काहीतरी करते, आई. मी त्या दिवशी लवकर जाऊन दारावर उभी राहीन, जी-चार-दोनवाल्याला गाठीन, हवं तर पाया पडेन. नाहीतर आपण दोघीही नको जाऊ या. घरी रेकॉर्ड लावू, मी बन करीन."

ती खुर्चीवर बसली. डावा पाय लांब केला. मग ठोकळ्यांवर वाकली.

"इथून स्टेज कुठल्या हाताला?"

"उजव्या."

"आणि डावीकडे?"

"वाट. मोकळी."

"किती पायऱ्या?"

"चार."

"मग जागा तर उत्तम आहे," आई म्हणाली.

"पण मी शेजारी नाही!"

"ते दिसतंय मला, कान गेलाय, डोळे नाहीत." तिने लाल ठोकळा उचलून हातात धरला. "माइकेन, मी तुझ्या बाबांशेजारी बसून तेवीस कार्यक्रम पाहिले. पाले स्कोवलुंड एकदाही पूर्ण ऐकला नाही. प्रत्येक गाण्यात तुझे बाबा मला कोपराने ढोसायचे. ऐकू येतंय ना? गार वाटतंय का? बाथरूमला जायचंय तर आत्ताच जा, नंतर गर्दी होते. तेवीस वेळा मी म्हटलं, एगॉन, गप बस."

"पण तू तर म्हणालीस, शेजारी बसशील तर..."

"म्हणाले. कारण मला भीती वाटत होती की कुणी ढोसलं नाही तर मी रडेन." तिने नाक पुसलं. "अजूनही वाटते. पण तू शेजारी असतीस तर मला रडताही आलं नसतं. तू लगेच पाण्याची बाटली काढली असतीस. बाबांची मुलगी आहेस तू, अगदी तशीच."

मला हे लागलं. खरं सांगते, मला हे फार लागलं. बाटली मी खरंच ठरवून ठेवलेली होती.

"मी जाणार," आई म्हणाली. "इथे बसणार. तू तिथे बस. टाळ्या कधी वाजवायच्या ते माझं मी बघेन."

"बरं. ट्रोल्सची पक्षी बघायची दुर्बीण मी..."

"दुर्बीण आणायची नाही."

"आई, नुसती एकदा..."

"माइकेन. दुर्बीण नाही, फोन नाही, मैदानापलीकडून हातवारे नाहीत. दोन तास तू स्टेजकडे बघायचंस. वचन दे."

ट्रोल्स दारात उभा होता, असगरला कडेवर घेऊन, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू कुणीतरी अखेर ते बोललं. मी वचन दिलं. माणूस एकदा वचन देऊन बसला की बसला. कामाला विचारलं, यातून काही पळवाट निघते का, तर ती म्हणाली, तोंडी वचनही बंधनकारक असतं.

तेव्हा सप्टेंबरच्या बारा तारखेला मी सी विभागात चौथ्या ओळीत दुसऱ्या खुर्चीवर बसून स्टेजकडे बघणार आहे. वाईट गुडघ्याची एक भाग्यवान बाई माझ्या शेजारी असेल. मैदानापलीकडे माझी आई चौदा महिन्यांनी, म्हणजे तोवर एकवीस महिने झालेले असतील, संध्याकाळी घराबाहेर, एकटी.

वचन मी दिलंय. तुम्ही दिलेलं नाही.

म्हणून, जी विभाग, ओळ चौथी, खुर्ची दोन, हे तिकीट ज्यांच्याकडे असेल त्यांना विनंती. तुम्ही चाहत्यांच्या गटात नाही, निदान हे तरी वाचत असाल. तुमच्या डाव्या हाताला करड्या कोटातली एक बाई असेल. तुम्ही तिच्या उजव्या बाजूला आहात, तेव्हा बोललात तर तिला ऐकू येईल. पण बोलू नका. ढोसू नका, पाणी देऊ नका, बरं आहे ना म्हणून विचारू नका. ती रडत असेल तर रडू द्या. फक्त दर दोन-तीन गाण्यांनंतर, सहज मान वळवल्यासारखं करून, एकदा तिच्याकडे बघा.